मामांना वाईट काम जमत नाही

उद्या जगात खराखुरा साम्यवाद आला, तर त्यात राहायला लायक असा एकच माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात निघेल, आणि तो माझा मामेसासरा असेल. बाकीचे आपण सगळे पहिल्या आठवड्यातच पकडले जाऊ. मी तर पहिल्याच दिवशी. मी विमा एजंट आहे, आणि कमिशन नावाची चीज नसती तर मी सकाळी अंथरुणातून उठलो असतो की नाही याची माझी मलाच खात्री नाही. मामांचं उलटं आहे. फुकट काम करायला मिळालं की त्यांच्या अंगात जी तरतरी येते, ती इतरांच्या अंगात पगाराच्या दिवशीसुद्धा येत नाही. "माणूस मूळचा कष्टाळूच आहे हो जावईबापू," ते म्हणतात, "त्याला पगारानं आळशी करून ठेवलाय. पोटाची काळजी मिटवा, बक्षिसं बंद करा, मग बघा कसा जीव ओतून काम करतो." हे भाषण त्यांनी कामगारांच्या गेटसभेत केलं आहे, लग्नाच्या पंगतीत केलं आहे, दाढी करून घेताना न्हाव्याच्या वस्तऱ्याखालीही केलं आहे. ऐकणारा प्रत्येक जण मान डोलावतो आणि नकळत आपला खिसा चाचपतो.

मामा मूळचे देवळ्याकडचे. तरुणपणी नाशकात आले, अंबडच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. सिडकोत त्यांचं छोटंसं घर आहे. आपल्याकडे आलेला पाहुणा आधी माणसांकडे बघतो, मग भिंतीवरच्या फोटोंकडे. मामा आधी दाराच्या बिजागरीकडे बघतात. ती कुरकुरत असेल तर घरातल्या माणसांची विचारपूस तेल घालून झाल्यावर. माझी त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली, आणि तीही उशिरा. गुरुजी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं दोनदा म्हणाले, चारदा म्हणाले, शेवटी जवळजवळ ओरडले, आणि मामांचा पत्ता नाही. मी पाटावर मुंडावळ्या बांधून उभा, मुहूर्त चाललेला, आणि मामा कार्यालयाच्या मागच्या बाजूला जनरेटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेले. जनरेटर चालू होता, बरं का. पण त्याचा आवाज त्यांना पटला नव्हता. तसेच काळे हात घेऊन ते धावत आले आणि भाचीच्या दंडाला धरून तिला बोहल्यावर घेऊन आले. तिच्या पैठणीवर त्यांच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा आजही आहे. बायको ती पैठणी ड्रायक्लीनला देत नाही. मामांचा आशीर्वाद पुसला जाईल म्हणते.

पुढे दिवाळसणाला त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी नवा जावई, नवा झब्बा घालून गेलो. मामांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि हातात पाना दिला. "वरच्या टाकीचा पाइप बदलतोय, जरा खालून धरा." मामींनी आतून कपाळाला हात लावला. "अहो, जावई आहेत ते!" त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर बोलावलं. पाटावर बसवून नुसतं खाऊ घालणं हा माणसाचा अपमान आहे. जावई म्हणजे काय पोळ्याचा बैल आहे?" मी झब्बा भिजेपर्यंत पाइप धरून उभा राहिलो. खरं सांगतो, त्या दिवशी जेवण फार गोड लागलं. हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते माझ्याकडून गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेतील.

धर्म, मुहूर्त, नवस, असल्या गोष्टी मामा मानत नाहीत. पण कॉलनीच्या मारुतीच्या देवळात दर वर्षी सत्यनारायण असतो, त्याच्या बैठकीला ते न चुकता जातात, कारण मांडवाच्या गाठी इतरांना नीट मारता येत नाहीत. एका वर्षी त्यांनी बैठकीत विचारलं, "लोक कथेला येतात का शिऱ्याला?" सगळे म्हणाले, अर्थातच कथेला. मामा म्हणाले, "मग शिरा आधी वाटू." गुरुजींनी शास्त्र काढलं. तेव्हा नैवेद्याचा शिरा झाकून ठेवायचा आणि बाकीचा नाश्ता म्हणून आधी वाटायचा, असा तोडगा निघाला. शिरा छान झाला होता. खाता खाता कुणाला गॅस चालू राहिल्याची आठवण झाली, कुणाची सासू घरी एकटी होती, कुणाचं कुलूप लावायचं राहिलं होतं. कथा सुरू झाली तेव्हा समोर उरले गुरुजी, पूजेला बसलेलं जोडपं, ज्यांना उपरण्याची गाठ असल्यामुळे उठता येत नव्हतं, आणि मामा. हा पक्का नास्तिक माणूस मांडी घालून पाचही अध्याय संपेपर्यंत हलला नाही. मध्ये गुरुजींनी चुकून दोन पानं एकदम उलटली, तर तेही यांनीच लक्षात आणून दिलं. "एवढा श्रद्धाळू श्रोता मला जन्मात मिळाला नाही," गुरुजी जाताना म्हणाले, आणि मामा दोन दिवस दुखावलेले होते. तुमचा सिद्धांत खोटा ठरला, असं मी हळूच सुचवून बघितलं. पण मामांना हरवणं सोपं नाही. "कथा ऐकणं हे काय काम आहे?" ते म्हणाले. "हातानं करायचं काही दिलं असतं तर एक माणूस हलला नसता."

आता साम्यवादाचा विषय निघाला की जगात एक प्रश्न ठरलेला असतो. सगळ्यांना सारखंच मिळणार, तर गटार कोण उपसणार? भल्या भल्या विद्वानांना या प्रश्नावर पानंच्या पानं लिहावी लागतात. मामा एका अक्षरात उत्तर देतात. "मी." पुढचा प्रश्न कुणीच तयार करून आलेलं नसतं, त्यामुळे वाद तिथेच संपतो. एकदा मात्र माझ्या चुलत मेव्हण्याने, जो वकील आहे, गंगापूर रोडच्या आपल्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीत हाच विषय काढला आणि वर म्हणाला, "मामा, बोलायला काय जातं?" मामांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "चेंबर कुठाय तुझं?" असं विचारलं, अंगणात गेले, बाह्या सरसावल्या आणि गटाराचं झाकण उघडलं. बुफेची रांग नेमकी तिथूनच जात होती. वकिलाने हात जोडले, वकिलाच्या आईने हात जोडले, केटररने तर पाय धरले. झाकण लावता लावता मामा म्हणाले, "चेंबरचा उतार चुकलाय तुझा. मिस्त्रीला पैसे जास्त दिलेत का?"

मामी या सगळ्याला पुरून उरल्या आहेत. "तुमचा साम्यवाद जगात यायचा तेव्हा येऊ द्या, आधी आमच्या मोरीत येऊ द्या," असं त्या लग्नानंतर लवकरच म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवसापासून घरातली निम्मी भांडी मामा घासतात. पण लेथवरचा माणूस तो. त्यांना भांडं नुसतं स्वच्छ झालेलं चालत नाही, त्याला फिनिशिंग लागतं. मामींचा नॉनस्टिक तवा पहिल्याच दिवशी साधा तवा झाला. कढईचं बूड इतकं चकचकीत, की मामी त्यात बघून टिकली लावतात. मी एकदा विम्याचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून ऑफिसने मला भिंतीवरचं मोठं घड्याळ बक्षीस दिलं. मी ते हौसेने हॉलमध्ये लावलं. मामा आले, त्यांनी खालून वर बघितलं आणि म्हणाले, "गाजर भिंतीला टांगलंत होय?" मी चिडून विचारलं, "मामा, उद्या कमिशन बंद झालं तर मी पॉलिसी विकेन, असं खरंच वाटतं तुम्हाला?" ते प्रेमाने म्हणाले, "नाही हो. पण तुम्ही तरी कशाला विकायच्या? तुमचा हात चांगला आहे. पाइप किती छान धरला होतात."

असा हा माणूस. कुणाला वाटेल, याला आयुष्यात काही सलत नसेल. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायची, की कारखान्याच्या गप्पा रंगल्या आणि कुणी रंगनाथ हे नाव काढलं की मामा उठून पाणी प्यायला जात. एवढा बोलणारा माणूस, आणि या एका नावापाशी गप्प. शेवटी एकदा मेथी निवडता निवडता मामींनीच मला सगळं सांगितलं. मामा तेव्हा शेजाऱ्यांचा कूलर उघडून बसले होते.

रंगनाथभाऊ कळवणकडचे. मामांच्या शेजारच्या मशीनवर टर्नर. दोघं एकाच सुमारास लागले, लग्नाआधी एकाच खोलीत राहिले. लग्नं झाल्यावर दोघांच्या डब्यांची अदलाबदल सुरू झाली. रंगनाथभाऊंच्या बायकोच्या हातची नागलीची भाकरी मामा खायचे आणि मामींची बाजरीची भाकरी रंगनाथभाऊ. "मी वर्षानुवर्षं भाकऱ्या थापल्या त्या त्या माणसासाठी," मामी म्हणाल्या, "यांना माझी भाकरी कशी होते हे सुट्टीच्या दिवशीच कळायचं." कारखान्यात सगळे मामांना कामरेड म्हणायचे. हे नाव रंगनाथभाऊंनीच पाडलेलं.

त्या कारखान्यात इन्सेन्टिव्हची पद्धत होती. जॉब म्हणजे लेथवर कातून काढायचा सुटा भाग; दिवसाला इतके जॉब हा नॉर्म, त्याच्या वर जितके काढाल त्याचे वेगळे पैसे. हा नॉर्म ठरवायला कंपनी अधूनमधून एक माणूस पाठवी. तो हातात स्टॉपवॉच घेऊन एखाद्या कामगाराच्या मागे उभा राहायचा आणि एका जॉबला किती वेळ लागतो ते टिपायचा. त्याला सगळे घड्याळवाला म्हणत. आता, घड्याळवाला मागे उभा असताना कसं काम करायचं याची कामगारांत जुनी रीत होती. हात जड करायचे. एकदा मोजायचं ते तीनदा मोजायचं, टूल पुन्हा पुन्हा घासायचं, कूलंट बघायच्या निमित्ताने मशीनला एक चक्कर मारायची. लबाडी खरी, पण सगळ्यांच्या घरची चूल त्यावर पेटायची, त्यामुळे तिला कुणी लबाडी म्हणत नसे. रंगनाथभाऊ तर यात उस्ताद होते. ते घड्याळासमोर टूल घासायचे ते गणपतीचे डोळे आखल्यासारखे.

मामा स्वतः इन्सेन्टिव्ह घ्यायचे नाहीत. जास्तीचे जॉब काढायचे, आणि त्याचे जे मिळेल ते युनियनच्या फंडात टाकायचे. त्यामुळे त्यांना या रितीशी घेणंदेणं नव्हतं. पण एक दिवस घड्याळ त्यांच्या मशीनवर येणार असं कळलं. आदल्या दिवशी डबा खाताना रंगनाथभाऊ म्हणाले, "कामरेड, उद्या हात जड ठेव. एक दिवस. बस." मामांनी मान डोलावली. मामी म्हणतात, त्यांनी मनापासूनच डोलावली होती. रंगनाथभाऊंची मुलगी तेव्हा नाशकात नर्सिंगला होती, आणि तिचं शिक्षण सगळं त्या वरच्या पैशांवर चाललं होतं, हे मामांना ठाऊक होतं. ती पोर त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी पहिला जॉब खरोखर हळू काढला. तीनदा मोजला. मशीनला चक्कर मारली. तेवढ्यात तो घड्याळवाला, कोवळा पोरगाच होता, सुपरवायझरला हसून म्हणाला, "बघा साहेब, लालूच दाखवल्याशिवाय ही माणसं हलत नाहीत."

बस. आयुष्यभर हा माणूस जे खोडून काढत आला, ते समोरचा पोरगा हसत हसत बोलून गेला, आणि त्याला पुरावा म्हणून मामांचेच हात! मामांनी पुढचा जॉब मशीनच्या जबड्यात, चकमध्ये धरला, आणि मग जे सुरू झालं त्याचं वर्णन तिथले जुने कामगार अजून करतात. आजूबाजूची मशीनं थांबली. लोक बघायला आले. मामांना घड्याळाचं भान नव्हतं, रंगनाथभाऊंचं भान नव्हतं. एकेक जॉब असा उतरत होता की त्यावर मायक्रोमीटर लावायची लाज वाटावी. शेवटी घामाने निथळत ते त्या पोराकडे वळले आणि म्हणाले, "बघितलं? कुठे होती लालूच?" पोरगा म्हणाला, "थँक यू." आणि त्याने वेळ टिपून घेतला.

नॉर्म त्या वेळेवर बसला. मामांच्या हाताचा नॉर्म! तो गाठायचा तर बाकीच्यांना जेवण सोडावं लागलं असतं, आणि सोडूनही त्याच्या वर जाणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. सबंध खात्याचा इन्सेन्टिव्ह एका दिवसात बुडाला. ज्याने तो बुडवला त्याचं एका पैशाचं नुकसान नाही, कारण तो घेतच नव्हता. शिव्या सगळ्यांनी दिल्या, आणि काही महिन्यांनी सगळे विसरलेही. रंगनाथभाऊंनी एक शिवी दिली नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपला डबा मशीनपाशीच, उभ्याने खाल्ला. तेव्हापासून ते मामांशी एक अक्षर बोलले नाहीत. मामा मुकाट्याने लवकर येऊन आपले जॉब संपवायचे आणि वरचे जॉब रंगनाथभाऊंच्या ट्रेमध्ये ठेवायचे. रंगनाथभाऊ ते उचलून परत मामांच्या टेबलावर ठेवायचे. असं किती दिवस चाललं असेल, देव जाणे. मुलीचं नर्सिंग मधेच सुटलं, तिचं लग्न करून दिलं. पुढे कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा रंगनाथभाऊ पहिल्याच यादीत बाहेर पडले आणि गावी शेतीवर गेले.

"मग मामा कधी गेले नाहीत त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"चार वेळा एसटीत बसले. वणीला उतरून परत आले," मामी म्हणाल्या, आणि मेथीची जुडी त्यांनी उगाचच झटकली.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी बातमी आली की रंगनाथभाऊंची बायको गेली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. तेरावा झाल्यावर एका सकाळी माझ्याकडे आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि बिजागरीकडे न बघताच म्हणाले, "गाडी काढता का? कळवणला जायचंय. तिच्या हातचं लय खाल्लंय मी. जायला पाहिजे." दुःखाच्या घरी जायला बोलावणं लागत नाही, ही आपल्याकडची रीत किती शहाणपणाची आहे हे मला त्या दिवशी कळलं. एरवी ज्या दाराशी जायचं तोंड नसतं, ते दार त्या दिवसांत उघडं असतं.

रंगनाथभाऊ ओट्यावरच बसले होते. वाळलेले, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मामांना बघून ते उठले नाहीत, आणि आत निघूनही गेले नाहीत. "या. बसा," म्हणाले. ते आम्हा दोघांना मिळून म्हणाले. आतून एक बाई पाणी घेऊन आली. चाळिशीची असेल. "काका, वळखलं का?" मामांनी तांब्या घेतला आणि तांब्याकडेच बघत विचारलं, "काय करतेस बाई आता?" "मी सासरी आशाताई हाय ना काका. बाळंतपणं, लसी, लय धावपळ असते," ती हसत म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. मामांनी पाणी पिता पिता सगळं शर्टावर सांडलं.

मग रंगनाथभाऊ उठले. "चाळीतला कांदा सडायला लागलाय. निवडायचाय. तिथंच बसू." आम्ही मागच्या कांदाचाळीत गेलो, गोणपाटावर बसलो. मामांनी न विचारता कांदे पुढ्यात ओढले. सडका इकडे, चांगला तिकडे. रंगनाथभाऊ माझ्याशी बोलत होते. यंदा भाव कसा, नाशकात पाणी कसं, गाडी किती देते. मीही सांगत होतो. मामांचे हात मात्र असे सुटले होते की बघता बघता त्यांच्यापुढे ढीग झाला. रंगनाथभाऊ त्या हातांकडे बघत बोलायचे थांबले.

"हिला लय वाटायचं, कामरेड येतील," ते म्हणाले. "दर दिवाळीला म्हणायची."

"मला वाटलं, तू हाकलशील," मामा म्हणाले.

"हाकललंच असतं."

मग बराच वेळ नुसते कांदे. शेवटी मामांनी खाली बघतच सुरू केलं, "रंगनाथ, त्या दिवशी तो पोरगा असं बोलला ना..."

"ठाव हाय मला काय बोलला. बाजूच्याच मशीनला होतो मी."

"आपल्याला आळशी म्हणाला रे तो."

"मग म्हणू द्यायचं होतं!" रंगनाथभाऊंचा आवाज एकदम चढला. "त्याच्या म्हणण्यानं काय आपल्या अंगाला भोकं पडणार होती? तू साऱ्या दुनियेसाठी फुकट राबला, कामरेड. कुणाचा नळ, कुणाचा पंखा, कुणाचं काय. मी तुला काय मागितलं होतं? एक दिवस वाईट काम. माझ्यासाठी एक दिवस वाईट काम नाय झालं तुझ्याच्यानं."

मामांचे हात थांबले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी हात थांबवून बसलेलं बघितलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. या माणसाला मी किती हसलो होतो, किती जणांना हसवलं होतं. तो साफ चुकला होता हे मला दिसत होतं, आणि तरी त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं.

"आता थांबू नको," थोड्या वेळाने रंगनाथभाऊच म्हणाले. "चालू दे हात. कांदा सडतोय."

दोघांनी मिळून ती बाजू निवडून संपवली. मुलीने चहा दिला. आम्ही निघालो तेव्हा रंगनाथभाऊ गाडीपर्यंत आले, हे मला बरं वाटलं. मामा दार उघडून उभे राहिले. उगाच चष्मा पुसला, उगाच शर्ट नीट केला. रंगनाथभाऊंनी हात जोडले. बोलले काही नाहीत. मग मामा बसले आणि मी गाडी सुरू केली.

नांदुरी मागे पडली. वणीच्या अलीकडे मामांनी एकदम विचारलं, "जावईबापू, दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत ना?"

"नाही म्हणत, मामा."

"आणि घरचेही 'परत या' म्हणत नाहीत."

"नाहीत म्हणत. अशुभ मानतात."

ज्याने जन्मात कुठलं शुभ-अशुभ मानलं नाही, तो माणूस माझं हे उत्तर मन लावून ऐकत होता. रस्त्याकडेला द्राक्षांचे मळे लागले. मामा काचेतून बाहेर बघत होते, पण मळे त्यांना दिसत नसावेत. दिंडोरीच्या आसपास ते पुन्हा माझ्याकडे वळले.

"म्हणून म्हणाला नसेल तो."

"म्हणूनच, मामा."

"म्हणजे, पद्धतच आहे तशी. सगळ्यांनाच."

"सगळ्यांनाच. पद्धतच आहे."

मामांनी मान हलवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते नीट बसले. "चांगली पद्धत आहे," ते म्हणाले.